पावसात फोर्कलिफ्टची गॅसची टाकी नक्की कुठे बदलायची?

वेर्णेकार_स्टोअर · ८ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याला एका गोदामात स्टोअर सुपरवायझर आहे, कंपनीचं नाव विचारू नका. गॅसवरच्या तीन फोर्कलिफ्ट आहेत, दोन दिवसभर पळतात आणि तिसरी कायम आजारी. आजवर टाकी बदलणं म्हणजे विडी पेटवण्याइतकं साधं काम वाटायचं (ही उपमा चुकलीच, पण असू द्या).

परवा सकाळी साडेअकराला असा पाऊस कोसळत होता की समोर उभा ट्रक दिसेना. टाक्यांचा पिंजरा आमच्या कंपाउंडच्या पार मागच्या भिंतीला आहे. ऑपरेटर ओडिशाचा, दोन वर्षं आमच्याकडे आहे, कामाला चोख पोरगा. मशीन बाहेर नेली तर माल भिजेल म्हणून त्याने ती आतच डॉकजवळ, म्हणजे ट्रक लावून माल चढवतो-उतरवतो त्या ओट्याजवळ, उभी केली, डोक्यावर पोतं घेऊन पिंजऱ्यातनं भरलेली टाकी खांद्यावरून आणली आणि तिथंच बदलायला घेतली. मी वीस फुटांवर चलन लिहीत होतो. फस्स झालं. ते नेहमीही होतं, पण हे थांबेचना, आणि पोरगा ओरडून मागे पडला. उजव्या हाताची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. कपलिंगमधून (टाकी आणि नळीचा सांधा) पांढरा धूर निघाला तो वर गेलाच नाही, जमिनीवरून सरपटत सरपटत डॉक लेव्हलरच्या (ओटा आणि ट्रक यांत पूल करणारी, वरखाली होणारी फळी) खड्ड्यात उतरला, पाणी उतरावं तसा. दुसऱ्याने धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह आवळला, मी ओरडून शटर वर घ्यायला लावलं, सगळे बाहेर पावसात. अर्धा तास झाला तरी वास जाईना.

काही झालं नाही, देवाची कृपा. मॅनेजरचं म्हणणं, पोरांना ग्लोव्हज द्या, रजिस्टरवर सह्या घ्या, विषय संपला. माझ्या मते विषय संपला नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात कसं करता ते सांगा.

दामोदर_बाब · ८ जुलै, रात्री १०.५०

बावीस वर्षं मशीन चालवली, आता पोरांना शिकवतो. एकच प्रश्न. टाकी काढायच्या आधी त्याने इंजिन चावीने बंद केलं होतं की गॅस संपवून?

वेर्णेकार_स्टोअर · ८ जुलै, रात्री १०.५८

चावीने. ट्रकवाला हॉर्न मारत होता. आणि खरं सांगायचं तर सगळेच चावीने करतात, मीही असंच होताना बघत आलोय.

दामोदर_बाब · ८ जुलै, रात्री ११.३१

मग अर्धं उत्तर तिथंच आहे बाब. रीत अशी, मशीन उभी करायची, फोर्क जमिनीला टेकवायचे, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन चालू असतानाच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. होजमध्ये (टाकीपासून इंजिनाकडे जाणारी नळी) उरलेला गॅस इंजिन स्वतःच पिऊन टाकतं, मग एक-दोन आचके देतं आणि आपोआप मरतं. चावी त्यानंतर फिरवायची. मिनिटभराचं काम आहे पण तेवढा मिनिट कोणालाच नको असतो.

चावीने बंद केलं तर होज टाकीपासून व्हेपरायझरपर्यंत (द्रवाचा वायू करणारा भाग) द्रवाने भरलेला राहतो. फोर्कलिफ्टची टाकी घरच्या टाकीसारखी वरचा वायू देत नाही, ती तळातला द्रव देते, हे लोक विसरतात. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं. म्हणजे कपलिंग सुटलं की ते बाहेर पडतं आणि तुमच्या बोटांच्या उबेवर उकळतं. बोटं पांढरी पडली ती त्यामुळे.

आता हिशेब करा. होजमध्ये पन्नास मिली, म्हणजे चहाच्या कपात बूड झाकेल एवढाच द्रव होता असं धरा. एका लिटर द्रवाचा साधारण २७० लिटर वायू होतो, म्हणजे पन्नास मिलीचे साडेतेरा लिटर. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की तो पेटू शकतो. दोन टक्के धरले तर जवळजवळ पावणेसातशे लिटर हवा पेटण्याजोगी होते, दोनशे लिटरची तीन पिंपं भरून वर उरते. आणि तुमचा आवाज थांबत नव्हता म्हणजे पन्नास मिलीवर भागलं नाही, टाकीचा व्हॉल्व्हच पुरता बसला नव्हता.

फोंड्याचो_राजा · ९ जुलै, सकाळी ७.०५

एवढं घाबरून कसं चालेल पात्रांव 😄 आमच्या जुन्या गोदामात फोर्कलिफ्टची टाकी वेळेवर आली नाही की घरची लाल टाकी उलटी लटकवून चालवायचे, उलटी केली की द्रव येतोच. एकदाही काही झालं नाही. मोठ्या टाकीतनं पायपाने छोटीत पण भरायचे, मस्त काम.

दामोदर_बाब · ९ जुलै, सकाळी ७.४०

राजा, झालं नाही म्हणजे नशीब चांगलं होतं, काम चांगलं नव्हतं. घरची १४.२ किलोची टाकी उभी राहून वायू देण्यासाठी बनवलेली असते, तिचा व्हॉल्व्ह तेवढ्याचसाठी असतो. उलटी केलीस की फोर्कलिफ्टच्या हादऱ्यांत लोंबकळणारी टाकी, त्यावर घरचा अॅडॅप्टर, आणि आत द्रव. शिवाय घरगुती गॅस धंद्यात वापरणं बेकायदा आहे.

आणि टाकीतून टाकीत भरणं हे त्याहून भयंकर. भरायच्या जागी टाकी वजनावर भरतात आणि वर रिकामी जागा सोडतात, साधारण ८० टक्केच द्रव. कारण ऊन लागलं की द्रव फुगतो, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. तू पायपाने भरशील तेव्हा गच्च भरेल, वर जागा राहणार नाही, दुपारी बारा वाजता पत्र्याखाली ठेवशील आणि मग फुगायला जागाच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर वायू नाही, द्रव फवारेल.

फोंड्याचो_राजा · ९ जुलै, सकाळी ७.५२

बरं बरं, मी नाही केलं, बघितलं फक्त.

पेडणेकार · ९ जुलै, सकाळी ९.१५

इलेक्ट्रिक घ्या आणि सुटा.

सेफ्टीताई_कुंडई · ९ जुलै, दुपारी १.२०

इलेक्ट्रिकला बॅटरी चार्जिंगची खोली लागते, हायड्रोजन निघतो, अॅसिड असतं, तिथेही हवा खेळती लागते. त्यावर वेगळा धागा काढा.

स्टोअरबाब, मी कुंडईला सेफ्टी ऑफिसर आहे, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पोराच्या हातावर सगळ्यांचं लक्ष गेलं, पण मला झोप लागणार नाही ती दोन गोष्टींनी. पहिली, खड्डा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट, आपल्याकडचा एलपीजी दोघांचं मिश्रण. लेव्हलरचा खड्डा म्हणजे त्याच्यासाठी आयती विहीर, आणि त्याच खड्ड्यात हायड्रॉलिक पंपाची मोटर आणि वायरिंग. तुम्ही पाहिलात तो पांढरा धूर तर गारव्याने जमलेलं हवेतलं बाष्प, खरा गॅस दिसतच नाही आणि तो धुराच्या पुढे पसरलेला असतो.

दुसरी गोष्ट वाचून मी कपाळावर हात मारला. तुम्ही शटर वर घ्यायला लावलंत. ते शटर मोटरवर आहे की साखळीवर?

वेर्णेकार_स्टोअर · ९ जुलै, दुपारी १.४१

मोटरवर. 😶

सेफ्टीताई_कुंडई · ९ जुलै, दुपारी २.३०

तेच. गॅस पसरला असताना कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. पंखा, दिवा, शटर, एक्झॉस्ट, मोबाईल, काही नाही. दुसऱ्या मशीन चालू असतील त्यांच्या ऑपरेटरांना गॅस साचलाय त्याच्या विरुद्ध दिशेला चालत बाहेर काढायचं. टाकीचा व्हॉल्व्ह धोका न पत्करता बंद होत असेल तर करायचा, नाहीतर पळायचं आणि बाहेर लांब जाऊन ११२ किंवा १०१ ला फोन. गॅस गळतीसाठी १९०६ पण आहे, चोवीस तास. मोटरच्या शटरला हाताने उघडायची साखळी बहुतेक असते, ती कुठे लटकते ते आजच बघून ठेवा. आमच्याकडे ती पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे सापडली होती.

वासावर विसंबू नका. गॅसमध्ये मर्कॅप्टन घातलेलं असतं म्हणून कुजका वास येतो, पण नाक पाच-दहा मिनिटांत सरावतं. आमच्या शेजारी काजूची भट्टी आहे, भट्टी चालू असली की आमच्या पोरांना दुसरा कुठलाच वास येत नाही. डिटेक्टर लावणार असाल तर जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर, छताला लावून उपयोग नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला. पाऊस आहे म्हणून आत बदलायचं हे उत्तर नाही, पावसाळ्यासाठी बाहेर जागा करायची हे आहे. चारी बाजूंनी उघडी, वर फक्त पत्रा, खाली सपाट काँक्रीट, आणि आजूबाजूला खड्डा, तळघराची पायरी, मीटरबॉक्स, वेल्डिंग, चहाची शेगडी काही नको. पिंजऱ्याजवळच करा म्हणजे टाकी उचलून न्यायचं अंतर कमी. आणि हो, खांद्यावरून टाकी नेणं बंद करा. भरलेली टाकी ३० किलोच्या वर जाते, ओल्या लादीवर पाय घसरला की आधी व्हॉल्व्ह आपटतो. दोन चाकांची ढकलगाडी पुरते.

साठ्यात किती टाक्या आहेत?

वेर्णेकार_स्टोअर · ९ जुलै, दुपारी ३.०४

रिकाम्या धरून अकरा.

सेफ्टीताई_कुंडई · ९ जुलै, दुपारी ३.२२

१९ किलोच्या असतील तर भरलेल्या पाच म्हणजे ९५ किलो. १०० किलोच्या वर गॅस ठेवायचा तर गॅस सिलिंडर रुल्स २०१६ प्रमाणे पेसोचा (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं) परवाना लागतो, मुख्य कार्यालय नागपूरला आहे. भरलेल्या किती ते मोजा आणि मॅनेजरला लेखी द्या, तोंडी नको. आणि रिकामी टाकी म्हणजे रिकामी नव्हे, आत दाबाखाली वायू असतोच. तिचाही व्हॉल्व्ह बंद, तिलाही टोपी, तीही पिंजऱ्यातच.

काणकोणकरीण · ९ जुलै, संध्याकाळी ६.१०

सगळे गॅसच्या मागे लागलात. त्या पोराचा हात कसा आहे ते कोणी विचारलं?

मी नर्स आहे. गॅसने गोठलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, गरम पाण्यात घालायची नाही, बर्फ तर नाहीच. कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. कपडा चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आधी काढायची. आमच्याकडे एक आलेला, त्याला मुकादमाने टूथपेस्ट लावून पाठवलेलं.

वेर्णेकार_स्टोअर · ९ जुलै, संध्याकाळी ६.३५

ताई, सॉरी, आधी तेच लिहायला हवं होतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवलं. दोन बोटांवर फोड आलेत, पण हालचाल आहे. आठवडाभर सुट्टी दिलीय, पगारी. घरी काही कळवू नका म्हणतो.

म्हापशाचो_मेकॅनिक · १० जुलै, रात्री ८.४५

मी ह्या मशीनांचे व्हेपरायझर, रेग्युलेटर बघतो, त्यामुळे थोडं सुट्या भागांबद्दल लिहितो. दामोदरबाबांनी रीत सांगितली, पण आवाज का थांबला नाही ते शोधलंत का? कपलिंगच्या तोंडात एक काळी रबराची ओ-रिंग असते, तर्जनीत बसेल एवढी. ती बोटाने चाचपून बघा. सुकली, चिरली, चपटी झाली किंवा नाहीच, असं सर्रास सापडतं. खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि रबर कडक होतं, गोव्यात हे दुप्पट वेगाने होतं असा माझा अनुभव. दोन-चार ओ-रिंग खिशात ठेवा, पण गॅसच्याच घ्या, नळाचा वॉशर बसवू नका. मी बसवलेला बघितलाय.

कपलिंग हाताने सोडायचं, हाताने आवळायचं. पाना लावावा लागत असेल तर काहीतरी बिघडलंय. अर्धा-एक फेरा सोडला की छोटं फुस्स होतं आणि संपतं. संपलं नाही तर पुढे सोडायचंच नाही, परत आवळायचं आणि टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा बघायचा. तुमच्या पोराने इथं घाईत पुढे फिरवलं असणार. ग्लोव्हज गारवा अडवणारे हवेत, ते सुती पांढरे पाच रुपयेवाले नकोत, ते द्रव पिऊन हाताला चिकटून बसतात आणि उघड्या हातापेक्षा वाईट. डोळ्याला चष्मा.

नवीन टाकी चढवताना, आडव्या बसणाऱ्या टाक्यांच्या कॉलरला एक भोक असतं आणि ब्रॅकेटवर एक पिन. पिन भोकात गेलीच पाहिजे. आत वाकवलेली नळी असते, तिचं तोंड बरोबर तळाला यावं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर, वायूच्या बाजूला यावा म्हणून ती पिन. बरेच जण पिन चुकली तरी पट्टा ओढून बसवतात. मग टाकी अर्धी झाली की मशीन खोकायला लागते, पोरं म्हणतात गॅस भेसळीचा आहे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बुडालेला तो कोणाला दिसत नाही. एका ठिकाणी पिनच ग्राइंडरने कापून टाकलेली, अडते म्हणून.

आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. झटक्यात उघडला की आतला एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह समजतो पाइप फुटला आणि खटकन बंद होतो, मशीन चालू होत नाही. मग पोरं टाकी आडवी आपटतात. आपटू नका, व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा मिनिट थांबा, सावकाश उघडा. नंतर साबणाचं पाणी, बुडबुडे आले नाहीत तरच चावी. कपलिंगवर पांढरं दव गोठलं तर तिथं गळतंय, मग साबणाचीही गरज नाही.

सेफ्टीताई_कुंडई · १० जुलै, रात्री ९.१०

ह्यात एक भर घालते, टाकी स्वीकारतानाच टेस्टची तारीख बघा. हँडलजवळच्या पट्टीवर अक्षर आणि साल असतं. इंग्रजी A म्हणजे जानेवारी ते मार्च, B एप्रिल ते जून, C जुलै ते सप्टेंबर, D ऑक्टोबर ते डिसेंबर. तारीख उलटलेली, पोचा आलेली, तळ गंजलेली टाकी गाडीवरून उतरवूच देऊ नका. डिलिव्हरीवाला रागावेल, रागावू द्या.

आणि सूचना हिंदीत, उडियात, कन्नडमध्ये चित्रांसकट लावा. मराठीत पाटी लावून आपण आपल्यालाच वाचून दाखवतो.

फोंड्याचो_राजा · १० जुलै, रात्री ९.४०

आज आमच्याकडच्या ओ-रिंग बघितल्या. दोन नव्हत्याच.

वेर्णेकार_स्टोअर · १९ जुलै, रात्री ९.३०

अपडेट देतो. उशीर झाला कारण मध्ये मॅनेजरशी रोज वाद. लेखी दिलं हे ताईंनी सांगितलेलं बरं झालं, कागद टेबलावर पडला की माणूस बदलतो. भरलेल्या टाक्या मोजल्या तर सात निघाल्या, १३३ किलो. दोन परत पाठवल्या, आता एका वेळी पाचच येतात, आठवड्यातून दोन गाड्या. सगळ्या मिळून अकरा टाक्या आणि तीन मशीनची कपलिंग तपासली, चार ओ-रिंग बाद. ज्या मशीनवर अपघात झाला तिची ओ-रिंग अशी चिरलेली की बोटात घेतली आणि तुटली.

पिंजऱ्याजवळ शेड झाली. चार लोखंडी खांब, वर पत्रा, तीन दिवसांत उभी राहिली, पावसात वेल्डिंगवाला भिजून गेला बिचारा (टाक्या तेव्हा हलवल्या होत्या हो ताई, विचारायच्या आधीच सांगतो). शटरची साखळी सापडली, ती बांधून ठेवलेली होती. पोरगा कामावर आलाय, पहिली टाकी त्यानेच बदलली, इंजिन मरेपर्यंत थांबला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याने मागे वळून बघितलं नाही.

सगळ्यांना देव बरें करूं.

म्हापशाचो_मेकॅनिक · १९ जुलै, रात्री ९.५५

छान. शेडचं पाणी कुठं जातं?

वेर्णेकार_स्टोअर · १९ जुलै, रात्री १०.०२

पन्हळीतून खाली, जाळीच्या गटारात.

सेफ्टीताई_कुंडई · १९ जुलै, रात्री १०.०६

गटार शेडपासून किती लांब? आणि ते पुढे जातं कुठं?

वेर्णेकार_स्टोअर · १९ जुलै, रात्री १०.२०

आत्ता वॉचमनला फोन करून टॉर्च मारायला लावला. गटार बरोबर शेडखालून जातंय आणि डॉकच्या बाजूला निघतंय. उद्या सकाळी गवंड्याला बोलावतो. तोपर्यंत टाक्या तिथं बदलणार नाही.